डचेसचं बारसं

मँचेस्टरला सबनीसकाकांच्या घरी वरची खोली बघायला गेले, तेव्हा काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "इथे वर्षभर पाऊस असतो म्हणे."

"कोण म्हणालं?" काकांनी विचारलं.

"सगळेच म्हणतात."

"सगळे म्हणजे कोण कोण?"

काकांनी मला तसंच मागच्या बागेत नेलं. कोपऱ्यातल्या खांबाला पाऊस मोजायची काचेची नळी बांधलेली होती आणि तिच्याखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत एक वही. रिटायर झाल्यापासून रोज सकाळी ते स्वतः पाऊस मोजून त्या वहीत लिहीत होते. "पडतो," वही चाळत ते म्हणाले, "पण लोक सांगतात तेवढा नाही. आभाळ रोज असतं, पाऊस रोज नसतो."

आतून सिंधूकाकूंचा आवाज आला, "अहो, त्या मुलीला आधी बसू तरी द्या! मग तिची परीक्षा घ्या."

ही २००३ सालची गोष्ट. मी पुण्याहून एका सॉफ्टवेअर कंपनीच्या कामासाठी वर्क परमिटवर आले होते. खोली त्याच दिवशी मिळाली आणि पुढची तीन वर्षं मी त्या घरात राहिले.

काका तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. जगन्नाथ सबनीस, मूळचे मिरजेचे. उंची बेताची, पाठ ताठ, आणि बोटांच्या पेरांत कुठल्याही साबणाला दाद न देणारी ग्रीसची काळपट रेघ. अठराव्या वर्षी हवाई दलात इंजिनाचे फिटर म्हणून भरती झाले, महायुद्धात ब्रह्मदेशच्या सीमेवर हरिकेन नावाची लढाऊ विमानं दुरुस्त केली, पुढे इंग्लंडला येऊन तीस वर्षं बस डेपोत काढली. रिटायर झाल्यावर शहराबाहेरच्या एका विमान म्युझियममध्ये मंगळवारी आणि शनिवारी बिनपगारी गाइड म्हणून जायला लागले. तिथेच त्यांना एक वेड लागलं. युद्धातल्या विमानांना टोपणनावं कशी पडली, ती कुणी ठेवली, हे शोधून काढायचं.

ते म्हणायचे, "कारखान्याचं नाव म्हणजे शाळेच्या दाखल्यावरचं नाव. टोपणनाव म्हणजे अंगणात हाक मारायचं. माणूस कसा आहे ते हाकेवरून कळतं."

त्यांनी देशभरातल्या जुन्या फिटरांना, शस्त्रं भरणाऱ्यांना, पॅराशूट शिवणाऱ्या बायकांना पत्रं लिहिली होती. उत्तरं बिस्किटांच्या डब्यांत, एका विमानाला एक डबा अशी ठेवलेली. टायफूनला पोरं लाडानं 'टिफी' म्हणायची, मॉस्किटोला 'मॉसी'. ती सोपी नावं. काकांना रस होता तो सजवून सांगितल्या जाणाऱ्या नावांत.

एकदा म्युझियममधल्या एका गृहस्थांनी पाहुण्यांना मोठ्या अभिमानानं सांगितलं, की बोफायटर या विमानाला जपानी सैनिक घाबरून 'कुजबुजणारा मृत्यू' म्हणायचे. काका मागे उभे होते. पाहुणे पुढे गेल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "कुठल्या जपान्यानं सांगितलं?"

"असं सगळीकडे लिहिलंय, मिस्टर सबनीस."

"शत्रू आपलं कौतुक इतक्या झकास इंग्रजीत कशाला करेल?" काका म्हणाले. "माझ्याकडे दोन फिटरांची पत्रं आहेत. हे नाव आपल्याच मेसमध्ये, बिअर पिताना कुणीतरी काढलं."

पण त्यांची खरी कसोटी लागली ती थंडरबोल्ट या विमानाच्या वेळी. त्या धिप्पाड अमेरिकन विमानाला सगळे 'जग' म्हणायचे. पुष्कळ जण सांगतात, की हे 'जगरनॉट'चं छोटं रूप. आणि जगरनॉट, म्हणजे वाटेत येईल ते चिरडत जाणारं धूड, हा शब्द तर आपल्या जगन्नाथाच्या रथावरूनच इंग्रजीत गेलेला. त्यात गंमत म्हणजे बस डेपोतले लोक जगन्नाथ म्हणता येईना म्हणून काकांनाही 'जग'च म्हणत. म्युझियमवाल्यांना हे कळलं तेव्हा ते खूश झाले. पाहुण्यांपुढे हे सांगा, लोकांना फार आवडेल, असा आग्रह सुरू झाला.

काकांनी साफ नकार दिला. "ते विमान नाकावर उभं केलं की दुधाच्या बरणीसारखं दिसतं. म्हणून जग, इंग्रजीतला, दूध ओतायचा. ज्यांनी ते हातानं पुसलं, त्यांनी मला असंच लिहिलंय. जगन्नाथाची गोष्ट मागाहून चिकटवली असावी."

मी म्हटलं, "पण काका, केवढी छान गोष्ट आहे! आणि तुमचंच नाव."

"म्हणूनच जास्त तपासायची," ते म्हणाले. "आपल्याला आवडणारी गोष्ट दोनदा तपासावी. न आवडणारी एकदा तपासली तरी चालते."

टोपणनाव खरं झालं हे कसं ओळखायचं, याचाही त्यांचा नियम होता. ब्रह्मदेशच्या सीमेवर ते आणि साताऱ्याचा त्यांचा एक सोबती हरिकेनला 'म्हैस' म्हणायचे. चिखलात शांत उभं राहायचं, अंगाला कितीही भोकं पडली तरी ठिगळं लावली की कामाला हजर. मला ते नाव फार आवडलं. काकांनी मान हलवली. "दोघंच म्हणायचो. दोघांचं ते गुपित असतं, टोपणनाव नव्हे. न सांगता तिसऱ्यानं वापरलं, की समजायचं, नाव पडलं."

स्वतःवरची एक गोष्ट मात्र ते पोट धरून सांगायचे. जपानी विमानांची नावं उच्चारायला अवघड, म्हणून दोस्तांनी त्यांच्या लढाऊ विमानांना साध्या पुरुषांची नावं दिली होती. ब्रह्मदेशावर जे सारखं यायचं त्याचं नाव ऑस्कर. 'ऑस्कर आला!' असं कुणी ओरडलं, की सगळे खंदकात. युद्ध संपलं, वर्षं गेली, काका मँचेस्टरच्या डेपोत कामाला लागले. पहिल्याच दिवशी कुणीतरी ओरडलं, "लुक आउट, ऑस्कर्स कमिंग!" काका हातातला पाना टाकून थेट बसच्या खाली. बाहेर बघतात तर समोर चकचकीत बुटांची जोडी. डेपोच्या सुपरवायझरचं नाव ऑस्कर होतं. त्यानं वाकून विचारलं, "इंजिन खालून तपासताय? गुड मॅन!" आणि त्या आठवड्यात काकांबद्दल चांगला शेरा दिला. "ऑस्करनं माझं भलं केलं असं एकमेव उदाहरण," काका म्हणायचे.

तर असे हे काका. आणि आता डचेसची गोष्ट.

म्युझियममध्ये एक हरिकेन होतं. स्वयंसेवकांनी कित्येक वर्षं खपून ते नीट केलं होतं, इंजिनसुद्धा चालू होण्याजोगं. त्याच्या नाकावर पांढऱ्या अक्षरांत 'डचेस' लिहिलेलं होतं. डचेस म्हणजे बड्या सरदारघराण्यातली मानाची बाई. २००६च्या मे महिन्यात समारंभपूर्वक ते लोकांसमोर आणायचं ठरलं. शेजारी लावायचा फलकही तयार झाला. त्यावर लिहिलं होतं, की तुकडीचे प्रमुख व्हिटकर यांनी आपल्या आवडत्या घोडीवरून विमानाला हे नाव दिलं. या प्रमुखांचे चिरंजीव हेन्री व्हिटकर हे म्युझियमच्या विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष. दुरुस्तीसाठी सर्वांत जास्त धावपळ त्यांनीच केली होती.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी वृद्धाश्रमातून काही मंडळी म्युझियम बघायला आली. व्हीलचेअरवरच्या एका बारीकशा आजींनी फलकाचा नमुना वाचला आणि मोठ्यानं म्हणाल्या, "रबिश!"

काका वळले. "काय रबिश आहे, मॅडम?"

"हे. त्या विमानाचं नाव मी ठेवलंय. त्याचं इंजिन माझ्याकडे होतं."

आजींचं नाव डॉरथी पिकरिंग, सगळे डॉट म्हणत. युद्धात हवाई दलाच्या महिला शाखेत त्या इंजिन मेकॅनिक होत्या.

काकांनी विचारलं, "पुरावा?"

आजींनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "यंग मॅन, मी चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. मीच पुरावा आहे."

"नाही मॅडम," ऐंशी ओलांडलेला तो यंग मॅन म्हणाला, "तुम्ही साक्षीदार आहात. पुरावा वेगळा."

त्या इतक्या चिडल्या, की परत जाईपर्यंत बोलल्या नाहीत. पण जाताना आपला पत्ता देऊन गेल्या.

घरी काकांचं जेवणात लक्ष नव्हतं. काकू म्हणाल्या, "अहो, एवढी म्हातारी बाई खोटं कशाला बोलेल?"

"खोटं बोलत नसेल. पण माणूस साठ वर्षं एखादी गोष्ट घोळवत राहिला, की ती त्याचीच होऊन जाते. त्या प्रमुख व्हिटकरांचंही तसंच झालं असेल. दोघंही प्रामाणिक असतील. म्हणून तर कागद पाहिजे."

पुढच्या रविवारी मी गाडी काढली आणि आम्ही डॉटकडे गेलो. काकूंनी रव्याचे लाडू दिले होते. डॉटनं एक खाल्ला, दुसरा रुमालात बांधला, आणि सांगायला लागल्या. थंडीच्या दिवसांत ते इंजिन पहिल्या दोन प्रयत्नांत कधीच सुरू व्हायचं नाही. तिसऱ्यालाच. एका सकाळी वैमानिक कुरकुरला तेव्हा ही वीस वर्षांची पोरगी पंखावरून म्हणाली, "आज डचेस कुणाला भेटत नाहीयेत." सगळे हसले आणि नाव पडलं.

काकांनी सगळं लिहून घेतलं. "हे कुणाला पत्रात लिहिलं होतं?"

"माझ्या बहिणीला मी सगळंच लिहायचे. एडीला. ती गेली आता. तिची मुलगी आहे, ग्लासगोला."

त्यानंतर काकांनी म्युझियमच्या व्यवस्थापकांना फलक थांबवायची विनंती केली. व्यवस्थापक सभ्यपणे म्हणाले, "मिस्टर सबनीस, फलक छापून झालाय. आणि तुम्ही इथले गाइड आहात, इतिहासकार नाही." शेजारच्या टेबलावरचं कुणीतरी पुटपुटलं, "बस मेकॅनिकच तो." काकांना ऐकू कमी यायचं, पण एवढं नेमकं ऐकू आलं.

त्या संध्याकाळी मी त्यांना पहिल्यांदाच खचलेलं पाहिलं. चहाचा कप हातात तसाच धरून ते म्हणाले, "मृणाल, पहाटे विमानाखाली चिखलात आडवे होणारे आम्ही. गोष्टी सांगायचे ते जेवणघरात बसणारे. आमची नावं कुठल्या फलकावर नाहीत, त्याची माझी तक्रार नाही गं. पण जे लिहायचं ते खरं तरी लिहा."

काकूंनी ट्रेनचं टाइमटेबल आणून त्यांच्यापुढे ठेवलं. "बसून काय होणार? जाऊन या ग्लासगोला."

मार्चमधल्या एका रविवारी आम्ही दोघं गेलो. ऐंशी पार केलेले काका त्या भाचीच्या घराचे तीन जिने एका दमात चढले. मॉइरा नावाची ती साठीतली बाई आधी जरा बिचकली होती, पण काकांनी दारातच बूट काढलेले पाहून तिनं स्वतःच्याही सपाता काढून ठेवल्या. आईला आलेली पत्रं तिनं एका सुटकेसमध्ये जपली होती. त्यांना ना क्रम, ना मांडणी. डॉटचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. आम्ही वाचत बसलो. मोज्यांबद्दल, साखरेबद्दल, कुणा जॅकच्या नाचण्याबद्दल पानंच्या पानं. दुपार झाली. मॉइरानं मसुराचं सूप दिलं. काका एका हातानं सूप पीत होते, दुसऱ्या हातानं पत्र सुपापासून लांब धरून.

मग ते थांबले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मृणाल, हे तू वाच. मोठ्यानं."

मी वाचलं. डॉटनं लिहिलं होतं: 'एडी, आजही सकाळी डचेस कुणाला भेटेनात. तिसऱ्या वेळी आल्या बाहेर. मी नुसतं गमतीत म्हटलं होतं, पण आता ते नाव सगळ्यांच्या तोंडी बसलंय. काल दुसऱ्या तुकडीतला एक मुलगा, ज्याला मी ओळखतही नाही, तो मला विचारत होता, डचेस उठल्या का म्हणून!'

काकांनी डोळे मिटून घेतले होते. "तिसरा माणूस," ते म्हणाले. "बघ. न सांगता."

मग तारीख. काकांनी खिशातून चिठ्ठी काढली. प्रमुख व्हिटकर त्या तुकडीत कधी रुजू झाले, याची नोंद त्यांनी आधीच मिळवली होती. पत्र त्याच्या चार महिने आधीचं होतं.

मॉइराच्या फोनवरून काकांनी डॉटला फोन लावला आणि ते पत्र शब्दन् शब्द वाचून दाखवलं. मग लांब उभ्या असलेल्या मलाही ऐकू येईल एवढ्यानं डॉट म्हणाल्या, "मी सांगितलं होतं ना तुम्हाला!"

"हो, मॅडम," काका म्हणाले. "सांगितलं होतं." आणि फोन ठेवून त्यांनी इतक्या जोरात नाक शिंकरलं, की मॉइराचं मांजर पळालं.

आता प्रश्न हेन्री व्हिटकरांचा. काकांनी व्यवस्थापकांना मध्ये न घालता सरळ त्यांची भेट मागितली. त्या दिवशी त्यांनी टाय बांधला. मी कागदांची फाइल घेऊन सोबत होते. व्हिटकर उंच, सत्तरीजवळचे, अदबशीर गृहस्थ. त्यांनी पत्र वाचलं. परत वाचलं. खिडकीकडे बघत राहिले. हे एका माणसाला त्याच्या वडिलांची गोष्ट खोटी आहे असं सांगणं होतं.

"दर ख्रिसमसला वडील ही गोष्ट सांगायचे," ते शेवटी म्हणाले. "आम्ही मुलं वाट बघायचो. गंमत सांगू? घरी एकच घोडी होती. मी लहानपणी तिच्यावर बसलोय. तिचं नाव ब्रॅम्बल होतं. मला वाटायचं, डचेस ही त्याआधीची कुठली तरी असेल."

काका लगेच म्हणाले, "असेलही. नसल्याचा माझ्याकडे पुरावा नाही."

व्हिटकरांनी चमकून वर पाहिलं आणि हसले.

काका पुढे म्हणाले, "नाव डॉटचं आहे. पण तुमच्या वडिलांनी त्या विमानातून लढाई केली आणि घरी येऊन ते नाव जपलं. त्यांनी दर ख्रिसमसला सांगितलं नसतं, तर हे विमान तुम्ही शोधून आणलंच नसतं. फलकावर दोघांनाही जागा आहे, सर."

व्हिटकर उठले आणि त्यांनी काकांचा हात हातात घेतला. "नवा मजकूर तुम्ही लिहा, मिस्टर सबनीस. फलक मी बदलून घेतो."

मेमधला तो शनिवार लखलखीत उजाडला. काकू नऊवारीच्या बेतात होत्या, पण शेवटी पाचवारी पैठणी आणि खाली पांढरे ट्रेनर्स अशा आल्या. डॉटनं निळा कोट घातला होता आणि लालभडक लिपस्टिक लावली होती. मॉइरा ग्लासगोहून आली होती. व्हिटकरांनी स्वतः डॉटची व्हीलचेअर ढकलत फलकापर्यंत नेली आणि पडद्याची दोरी तिच्या हातात दिली. फलकावर पहिल्याच ओळीत तिचं नाव होतं, हुद्द्यासकट: डॉरथी पिकरिंग, इंजिन मेकॅनिक, यांनी या विमानाचं नाव ठेवलं. डॉटनं ते बोट फिरवून वाचलं. मग बोट उचलून स्पेलिंग तपासलं. "बरोबर आहे," ती म्हणाली, आणि सगळे टाळ्या वाजवत उभे राहिले. व्यवस्थापक सर्वांत जोरात वाजवत होते, हेही नमूद करायला हवं.

मग इंजिन सुरू करायचं होतं. विमान बाहेर मोकळ्यावर आणलं होतं. गर्दी दोरीमागे श्वास रोखून उभी. डॉट सगळ्यांना सांगत होती, "घाई करू नका, तिसऱ्या वेळेला उठेल." इशारा झाला, पंखा हळूच हलला, आणि पहिल्याच झटक्यात निळा धूर ओकत इंजिन असं गर्जलं, की काकूंचा पदर उडाला.

"ट्रेटर!" डॉट मुठी आवळून विमानावर ओरडली. "साठ वर्षांपूर्वी एकदा तरी असं केलं असतंस!" आणि ती हसत सुटली, आणि हसता हसता रडायला लागली. तिनं शेजारी उभ्या काकांची बाही गच्च पकडली होती. काकांचे डोळे मात्र इंजिनावर होते, मान किंचित कलती, कान त्या आवाजाकडे लावून. वर्तमानपत्राच्या फोटोग्राफरनं त्यांनाही फोटोत यायला सांगितलं. काका दोन पावलं मागे सरले आणि मॉइराला पुढे ढकललं. त्या दिवशी ते घरी आले तेव्हा कॉलरपर्यंत ग्रीस होतं आणि काकूंनी काहीही न बोलता तो शर्ट भिजत टाकला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये माझं काम संपलं. पुण्याला परत निघाले तो दिवस नेमका शनिवार होता. ड्यूटी चुकवणं काकांच्या स्वभावात नव्हतं, म्हणून एअरपोर्टला जाताना टॅक्सी थांबवून मीच म्युझियममध्ये त्यांना भेटायला गेले. ते सुट्टीतल्या सहलीला आलेल्या शाळकरी मुलांच्या घोळक्यात उभे होते. जपानी विमानांना ऑस्कर वगैरे नावं का दिली, ते सांगत होते. माझ्याकडे बघून त्यांनी थांबायची खूण केली.

तेवढ्यात दोन वेण्या घातलेल्या एका मुलीनं हात वर केला. "मग ते जपानी लोक आपल्या विमानांना काय म्हणायचे?"

काकांनी विमानाकडे पाहिलं, परत त्या मुलीकडे पाहिलं. आणि मग त्यांचा सगळा चेहरा उजळला.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. जणू काही कुणी त्यांना बक्षीस दिलं होतं. "इतकी वर्षं झाली, मी कधी विचारलंच नाही! तुझं नाव काय? स्पेलिंग सांग."

त्यांनी खिशातून पेन्सिल काढून ते लिहून घेतलं. सोबतच्या शिक्षिकेला विचारलं, ओळखीचं कुणी जपानी आहे का. तिकीट खिडकीवरच्या माणसाला विचारलं. मी निरोपाचं काहीतरी जुळवून ठेवलं होतं, ते तोंडातच राहिलं, कारण ते लगबगीनं माझ्याकडे आले, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "सुखी राहा. टोकियोला तुमच्या कंपनीचं ऑफिस आहे ना? पोचलीस की विचार."

आणि वळून ते ऑफिसच्या दिशेनं निघाले, पत्र लिहायला. एक्क्याऐंशी वर्षांचा तो माणूस असा झपाझप चालत होता, की त्याला गाठायला त्या मुलीला पळावं लागत होतं.